कुंडीतला लव्हाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या एका रविवारी मी आमच्या अंगणातल्या कुंडीतला लव्हाळा मुळासकट उपटला, आणि तो लव्हाळा नव्हता.

नुसता उपटला असता तरी निभावलं असतं. पण मी जाफराबादकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. लव्हाळ्याची गाठ मातीत राहिली की चार दिवसांत पुन्हा डोकं वर काढतो, हे वडिलांनी लहानपणीच शिकवलेलं. म्हणून खुरप्यानं एकेक गाठ खणून काढली, माती झटकली आणि सगळा पसारा कंपाउंडच्या भिंतीवर मुळं वर करून वाळत घातला. इतकी वर्षं मास्तरकी केली तरी हात विसरला नाही, म्हणून स्वतःवरच खूश होऊन आंघोळीला गेलो.

ते बायकोचं छत्रीचं झाड होतं. एरवी कमरेएवढं वाढतं, काडीच्या टोकाला पानं उघड्या छत्रीसारखी पसरतात. पण पंधरा दिवसांपूर्वी तिनं जुन्या काड्या बुडापासून छाटल्या होत्या आणि नवे फुटवे जेमतेम वीतभर आले होते. मी एक काडी बोटांत फिरवली, लव्हाळ्याला असतात तशा तीन कडा लागल्या आणि निकाल दिला. पुढे शेतकी खात्यातल्या एका ओळखीच्या माणसानं सांगितलं, की हे झाड लव्हाळ्याच्याच कुळातलं. मी मोठ्या उमेदीनं ते घरी येऊन सांगितलं. कुणी ऐकून घेतलं नाही.

सासरे बदनापूर स्टेशनावर नोकरीला होते. क्वार्टरच्या नळाखाली, भांड्यांच्या पाण्यावर सासूबाईंनी ते झाड लावलेलं. सासूबाई गेल्या, सासरे निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं. तेव्हा बायकोनं त्यातला एक गड्डा जालन्याला आणला होता. आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सासरे त्याच संध्याकाळी आमच्याकडे यायचे होते. आले की आधी कुंडीकडे जाणार, हे तिलाही ठाऊक, मलाही.

बायको शेजारच्यांच्या कुरडया घालून दुपारी परतली. तिनं भिंतीकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं. "बाबांना काय सांगू?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

सासरे आले. पिशवी खाली ठेवायच्या आत कुंडीपाशी, तिथून भिंतीपाशी. धूसर दिसायचं, तरी वाळलेली एक गाठ हातात घेऊन त्यांनी ओळखली.

"जावईबापू, निंदणी एकदम बराबर केली. एक गाठ म्हणून न्हाई ठिवली."

"मामा, मला वाटलं लव्हाळा..."

"मंग! शेतकऱ्याचा हात हाये. तण दिसल्यावर थांबतो का?"

मग ते त्या ढिगात चाचपत बसले. वरचे शेंडे करपले होते, तळाचे चार-पाच अजून हिरवे होते. "कात्री आन गं, जल्दी. अन् बादलीत पाणी." छत्रीखाली दोन बोटं काडी ठेवून त्यांनी शेंडे कापले, पानं अर्धी छाटली आणि चक्क उलटे, छत्री खाली, काडी वर, असे पाण्यात सोडले.

"उलटे?" मी विचारलं.

"नळापाशी काडी वाकून पाण्यात पडली, की तिथूनच फुटायची. तुमच्या सासूबाईनं दाखवल्तं मला."

आमच्याकडे नळ आठ दिवसांनी यायचा, आणि बादलीतलं पाणी तर दर तिसऱ्या दिवशी बदलायचं. हापशावरून कळशी मी आणायची, हे कुणी न सांगताच ठरलं. ऑपरेशन झालं. सासऱ्यांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी, वाकायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. रोज सकाळी मी बादली स्टुलावर ठेवायचो, ते दोन बोटं पाण्यात घालून चाचपायचे. "आज बी न्हाई काही." बायको हात पुसायला टॉवेल घेऊन मागे उभी.

दोन शेंडे सडले. ते मी गुपचूप काढून टाकताना बायकोनं पाहिलं. त्या रविवारपासून ती मला एक वाकडा शब्द बोलली नव्हती. आमच्या संसारात असं कधी घडलं नव्हतं, आणि मला त्याची भीतीच वाटू लागली होती.

पंधराव्या-सोळाव्या दिवशी सासऱ्यांची बोटं पाण्यात थांबली.

"बघ गं जरा. काहीतरी टोचून राह्यलंय."

बायको बादलीवर वाकली. पानांच्या बेचक्यातून हिरवे मोड, त्यांच्या बुडाशी दोऱ्यासारखी पांढरी मुळं. तिनं पदर डोळ्यांना लावला.

"ए, ऑपरेशन माझ्या डोळ्याचं झालंय, तुझ्या न्हाई," सासरे म्हणाले.

तीन रोपं कुंडीत लागली. पट्टी निघाल्यावर सासऱ्यांनी खुर्ची अंगणात मागवली आणि दोन दिवस ते कुंडीसमोरच बसून होते. मग गावी निघाले. मी त्यांना आष्टीच्या एसटीत खिडकीची जागा धरून दिली आणि घरी आलो. चप्पल काढतोय तोच बायकोनं विचारलं, "सुटली का बाबांची गाडी?"

"सुटली."

"मी हाये तोवर जावयाला एक शब्द बोलायचा न्हाई, अशी शपथ घातल्ती बाबांनी मला." तिनं पंखा लावला, खुर्ची पुढे ओढली. "आता बसा इथं."