दाराबाहेरची खुर्ची

ही गोष्ट अजून कोणाच्याही कानावर गेलेली नाही. सख्ख्या बहिणीच्याही नाही, आणि तिला तर माझा पहिला पांढरा केससुद्धा माहीत आहे. तुम्हालाच का सांगतेय? कदाचित तुम्ही वैशालीला ओळखत नाही म्हणून.

वैशाली आणि मी अंधेरीच्या एका ऑफिसात हेल्पडेस्कवर शेजारीशेजारी बसायचो. लोक पासवर्ड विसरायचे, आम्ही नवे द्यायचो — दिवसभर हेच. मग वरच्या मजल्यावर सिक्युरिटी टीममध्ये एक जागा निघाली. एकच. साहेब म्हणाले, नेटवर्क सिक्युरिटीची परीक्षा जी आधी पास होईल, तिला घेऊ. दुसरी कोणी असती तर त्या दिवसापासून माझ्याशी तोलूनमापून बोलली असती. वैशाली म्हणाली, "मग एकत्रच करू ना अभ्यास. एकटीला बोर होतं यार."

तिच्या घाटकोपरच्या घरात एक खोली आणि सहा माणसं. म्हणून दर रविवारी ती मुलुंडला आमच्याकडे यायची. बहीण सासरी, आमच्याकडे मी आणि आई, दोघीच. वैशालीची एक जाडजूड वही होती, हिरव्या शाईत लिहिलेली. फायरवॉल माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना, तेव्हा ती मला हाताला धरून सोसायटीच्या गेटवर घेऊन गेली आणि कोणाला आत सोडायचं, कोणाला नाही, याची वॉचमनची यादी दाखवली. "हा वरून खाली वाचतो. पहिली जुळणारी ओळ सापडली की तिथेच थांबतो, पुढचं बघतच नाही. झालं तुझं फायरवॉल!" त्यानंतर तो प्रश्न माझा कधी चुकला नाही. दुपारी आई घावणे आणि नारळाचा रस करायची. वैशाली एका हाताने खायची आणि दुसऱ्या हाताने पानं उलटायची. वहीवर रसाचे डाग पडायचे, आई ओरडायची, ती हसायची. ते रविवार मला हवे आहेत. अजून हवे आहेत. असं हसणारं कोणी त्यानंतर आमच्या घरात आलेलंच नाही.

मुद्द्यावर येते. येतेच आहे.

परीक्षा घरी बसून द्यायची होती, कॅमेऱ्यासमोर. पलीकडून कोणीतरी तुमच्यावर सतत लक्ष ठेवून असतं. खोलीत दुसरं माणूस दिसलं की परीक्षा तिथेच रद्द. वैशालीची तारीख माझ्या आठवडाभर आधीची, आणि खोली आमची. आदल्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, कपाटाच्या आरशावर आईची साडी टाकली, टेबल रिकामं केलं. राहिली फक्त दाराची कडी. दार फुगलेलं, कडी बसेचना. "तू बस ना बाहेर खुर्ची टाकून," वैशाली म्हणाली. "माझी वॉचमन."

मी बसले. आईला परीक्षा आहे एवढंच ठाऊक होतं. आत कोणी जायचं नाही हे तिला सांगणं माझं काम होतं, आणि ते मी केलं नव्हतं — तोवर तरी ते नुसतं विसरणं होतं. आतून माउसचा आवाज येत होता. टक. टक. कुठे अडखळणं नाही. तिला सगळं येत होतं. ती जागा माझ्या हातून गेली, हे मला त्या आवाजावरूनच कळलं. ते ऐकवेना म्हणून मी उठून गॅलरीत गेले.

तिथून मला आई दिसली. हातात कोकम सरबताचा पेला. पोरगी कधीची बसलीय, घसा सुकला असेल — आणि परीक्षेत पाणी तर शाळेतही देतात, नाही का? तिची पाठ माझ्याकडे होती. तिचे गुडघे दुखतात, ती सावकाश चालते. स्वयंपाकघरापासून त्या दारापर्यंत अख्खा हॉल. नुसतं "आई" म्हटलं असतं तरी पुरे होतं. वेळ होता. भरपूर वेळ होता.

मी वाळलेले कपडे काढायला लागले.

"घे गं बाळ," एवढंच ऐकू आलं. मग वैशालीचा आवाज — सॉरी सर, सॉरी, प्लीज — आणि मग काहीच नाही. मी कपडे कवेत घेऊन आत गेले, तेव्हा आई रडत होती आणि वैशाली तिची समजूत घालत होती. "असू दे काकू. तुम्हाला काय माहीत?" मग आईला वाईट वाटू नये म्हणून तिने ते सरबत पिऊन टाकलं. सगळं. मी म्हटलं, "अगं, मी कपडे काढायला गेले होते, मला दिसलंच नाही." तिने लगेच विश्वास ठेवला.

पुढच्या रविवारी माझी परीक्षा. दाराबाहेरच्या त्या खुर्चीत कोण बसलं असेल? वैशाली. दोन तास जागची हलली नाही. मी तिच्याच वहीतून अभ्यास केलेला, पास झाले. तिला परत बसायची तारीख मिळेपर्यंत वरची जागा माझी झाली होती. तिने मला पेढे भरवले. वर्षभराने ती पुण्याला गेली. वाढदिवसाला तिचा मेसेज येतो, मी उत्तरात नुसता लाल बदाम पाठवते. फोन कधी करत नाही. केला तर ती आधी आईची चौकशी करील.

वही माझ्याकडेच राहिली. तिला नारळाचा वास येतो असं मला वाटतं. येत नसणार.

आणि आई. "माझ्यामुळे पोरीचं नुकसान झालं" हे ती गेली चार वर्षं म्हणतेय, आणि मी गेली चार वर्षं "जाऊ दे गं" म्हणतेय. दाराची कडी मी केव्हाच बदलून घेतली. तरी आई स्वतःच्या घरात प्रत्येक बंद दारावर टकटक करते आणि थांबते. परवा मी घरून काम करत होते, कॉल लांबला. संपल्यावर दार उघडलं तर ती चहाचा कप घेऊन बाहेर उभी. किती वेळ, कोण जाणे.

"येऊ का गं आत?" तिने विचारलं.

मी कप घेतला. चहा पार निवला होता.