परवा होती की परवा आहे?

पाऊण, दीड, सव्वादोन, तीन... वर्गभर पोरांचा एकच सूर, पत्र्याच्या छपराला थडकून परत येणारा. गुरुजींची छडी टेबलावर ठेका धरायची आणि पाऊणकीचा पाढा पुढे सरकायचा. गणितात मी कच्चाच. मला ती कविता वाटायची. पुढे रेल्वेच्या नोकरीने चेन्नईला आणून सोडलं, तांबरमला घर झालं, निवृत्तीही इथेच झाली आणि तो सूर कुठल्या कुठे गेला.

दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे संगणक आडवे होणार, ही धास्ती विरून काही वर्षं झाली होती. इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीला मराठी मजकूर तपासायला माणूस हवा होता. मला शब्दांची हौस आणि संगणकाची भीती. पहिल्या दिवशी काचेच्या दारातून बिचकत आत शिरलो, तो काय! कोपऱ्यातल्या टेबलावरून तोच सूर: पाऊण, दीड, सव्वादोन... सुती साडी, केसांत मोगरा, डोळे पडद्यावर, आणि तोंडाने पाऊणकी. शब्द मराठी, हेल थेट तंजावरच्या मराठीचा.

मी थबकलो. मान न वळवता त्या म्हणाल्या, “अण्णा, तुम्हीच ना मराठीचे? मग सांगा, दीडला साडेएक कोण म्हणतं?”

“कुणीच नाही.”

“हे यंत्र म्हणतं. अडीचला साडेदोन म्हणतं. बसा.”

पद्माबाई राव यांची आणि माझी ही पहिली भेट. ‘अण्णा’ म्हणजे थोरला भाऊ, तमिळमध्येही आणि मराठीतही. त्यामुळे त्या हाकेने मी एकाच वेळी दोन भाषांत त्यांचा झालो. वयाने मी मोठा, पण शिष्य मीच. या महिनाअखेरीस साठी पूर्ण करून बाई निवृत्त होत आहेत. या गौरवग्रंथात चार शब्द लिहायला मला सांगितलं, याचा मला अभिमान वाटतो.

बाईंचं काम काय, असं अनेक जण विचारतात. संगणकाच्या पडद्यावर तारीख आणि वेळ कशी दिसावी, हे ठरवण्याचं. त्यात काय एवढं, असं मलाही वाटलं होतं. पण तीन, तिरपी रेघ, चार असं लिहिलं, तर ती तीन एप्रिल की चार मार्च, हे वाचणारा कुठल्या देशात बसला आहे त्यावर ठरतं. इंग्रजी दिवसाचे दोन तुकडे करून मोकळी होते; आपल्याला पहाट लागते, सकाळ लागते, दुपार आणि संध्याकाळ लागते. एकदा बाईंनी मला विचारलं, “अण्णा, पहाट संपते कधी?”

मी डोळे मिटले. शाळेतल्या साऱ्या कविता एकदम गर्दी करून आल्या. म्हणालो, “अंगणातलं फूल रंगावरून ओळखू आलं, की पहाट संपली.”

बाईंनी ते कागदावर उतरवून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, “फार सुंदर. आता आकडा सांगा.”

त्या आकड्यासाठी पुढे आम्ही आठवडाभर भांडलो, ती गोष्ट वेगळी.

महाराष्ट्रातल्या एका मोठ्या रुग्णालयाचं काम आमच्याकडे होतं, मराठीसह कन्नड, तमिळ अशा अनेक भाषांत. रुग्णांना मागच्या आणि पुढच्या तपासण्या एकाच पडद्यावर दिसायच्या होत्या. अनुवाद तयार झाला, तपासून झाला, आणि महाराष्ट्रातून आलेल्या आम्हा कुणाच्याच कानाला काही खटकलं नाही. बाईंना खटकलं. पडद्यावर लिहिलं होतं: ‘तपासणी: परवा’.

“कुठली परवा?” त्यांनी विचारलं. “होऊन गेलेली, की येणारी?”

आम्ही पडदा पुन्हा वाचला. तमिळमध्ये या दोन दिवसांना दोन वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे एकच, आणि आयुष्यभर वापरूनही त्याने आपली कधी अडचण केलेली नाही. कारण बाईंनीच सांगितलं: “आपण बोलतो तेव्हा ‘परवा’च्या मागे क्रियापद उभं असतं. परवा आले, परवा येते. इथे तो बिचारा एकटाच उभा आहे, ना?”

एवढा जुना सोबती शब्द, आणि त्याचं हे मर्म मला तंजावरच्या बाईंनी सांगावं! त्या दिवशी घरी जाताना गाडीत मी मनातल्या मनात सगळ्या कविता क्रियापदं काढून म्हणून पाहिल्या. पांगळ्या झाल्या हो.

काम वेळेवर पाठवण्याची जबाबदारी सेल्वम यांची; पण बाईंच्या सहीशिवाय ते जात नसे. ते बाईंचे जुने सहकारी. रोज सकाळची कॉफी बाईंच्या टेबलाशीच घेणारे. त्यांची पद्धत अशी की शब्द, वार, वेळ यांचे तुकडे एकदाच करायचे आणि सगळ्या भाषांत तेच एकापुढे एक जोडायचे. बाईंचं म्हणणं, प्रत्येक भाषेत अख्खं वाक्य लिहायचं: ‘तुमची तपासणी परवा, गुरुवारी, सकाळी दहा वाजता आहे.’ म्हणजे काम लांबणार.

“मॅडम, एका शब्दासाठी?” सेल्वम वैतागले.

“शब्द बरोबर आहे, सेल्वम. वाक्य नाहीये.”

“पेशंटला कळेल हो!”

“नाही कळलं तर? तपासणी हुकली समजून तो घरीच बसेल. त्याला फोन करून तुम्ही सांगणार का?”

“मग सही करणार नाही म्हणता?”

“अय्यो, सही करीन की. वाक्य आणा.”

भाषा विभागाचं प्रमुखपद बाईंकडे येणार, हे तेव्हा ठरल्यातच जमा होतं. हे काम वेळेवर गेलं की झालं. बाईंना ते ठाऊक होतं. तरी त्यांनी सही केली नाही. काम उशिरा गेलं, अख्ख्या वाक्यांसह गेलं, आणि प्रमुखपदावर बंगळूरहून दुसरे कुणी आले. सेल्वम यांना वरून चारचौघांत बोलणी बसली. त्यांची कॉफी बाईंच्या टेबलाशी येईनाशी झाली.

मी एकदा विचारलं, “वाईट नाही वाटलं?”

“वाटलं ना. घरी जाऊन रडले. मग कन्नडची वाक्यं राहिली होती, ती लिहायला बसले.”

बाईंच्या मायेचा एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा वाचन बंद, पडदा बंद. माझा जीव घुसमटायचा. बाई संध्याकाळी फोन करायच्या, दिवसभराची मराठी वाक्यं वाचून दाखवायच्या आणि मी पट्टी बांधलेल्या डोळ्याने खाटेवरून दुरुस्त्या सांगायचो. काम संपलं की म्हणायच्या, “आता तुमची फी. एक कविता म्हणा.” तिसरीतली म्हणायचो, चौथीतली म्हणायचो. पलीकडून हूं-हूं असा हुंकार यायचा. पुढे कळलं, फोन कानाशी धरून त्या सांबार ढवळत असत; पण एखादी ओळ मी गाळली तर बरोबर पकडायच्या.

अशा पद्माबाईंच्या पुढच्या वर्षांना पहाटा, सकाळी आणि संध्याकाळी भरभरून मिळोत. गुडघे कुरकुरू नयेत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, मरीनाच्या किनाऱ्यावरचं त्यांचं रोजचं फिरणं चुकू नये, आणि शंभरीच्या समारंभाचा लेख लिहायला माझ्यापेक्षा बरा कवी त्यांना लाभो.

इथे मी थांबणार होतो. पण मनात एक सल होता. सध्या रुग्णालयाच्या त्या पडद्यांची नवी आवृत्ती तयार होते आहे. पुन्हा तुकडे जोडायचं घाटतं आहे आणि निर्णय सेल्वम यांच्या हातात आहे. बाई गेल्या की त्यांचं वाक्यही जाणार, असं सगळे दबक्या आवाजात बोलतात. गेल्या रविवारी हा लेख दाखवायला मी तिरुवल्लिकेणीला त्यांच्या घरी गेलो आणि ते विचारूनच टाकलं.

बाई हसल्या. “माझं कुठलं वाक्य, अण्णा? वाचणाऱ्याचं आहे. ठेवलं तर ठेवतील.” पण त्यांचा हात उगाच टेबलावरची पानं सारखी करत राहिला. यजमान श्री. राव आतून कॉफी घेऊन आले आणि तेवढ्यात बेल वाजली.

दारात सेल्वम! इतक्या वर्षांत या घराची पायरी न चढलेले. घामाघूम, वेष्टीचा, म्हणजे इथल्या धोतराचा, काठ हातात धरलेला.

“मॅडम,” ते तमिळमध्ये म्हणाले, आणि एवढं तमिळ मला आता कळतं, “नव्या आवृत्तीचा तमिळ पडदा माझ्या अम्माला दाखवला. तुकडे जोडलेला. अम्मा हसतच सुटली. म्हणाली, हे कुठल्या देशाचं तमिळ रे? मी... म्हणजे ते थांबवलंय. पण आता... तुम्ही महिनाअखेरीस... म्हणजे जर...”

बाई उठल्या. पदर सारखा केला.

“आत या, सेल्वम. उंबऱ्यात तुकडे टाकू नका. बसा, आणि पूर्ण वाक्य सांगा.”