ब्याण्णव तिच्या, ब्याण्णव माझ्या

आमची पॅसेंजर मालगाड्यांना वाट देत रोज कुठे ना कुठे अडकून पडायची. मैत्रीण दरेकशाला बसायची, मी सालेकशाला चढायचे. गोंदियातलं कॉलेज एक, गणिताचा वर्गही एक. अशाच एका खोळंब्यात तिनं वहीच्या मागच्या पानावर एकपासून सातपर्यंतचे अंक सलग लिहिले: १२३४५६७. म्हणाली, "इले कोणत्या संख्येनं भाग जाते, का मूळ संख्या आहे? सांग बरं."

मोबाईल काढायचा नाही, हातानंच भागायचं, असं ठरलं. या संख्येचं वर्गमूळ अकराशे अकराच्या किंचित पुढे, म्हणून तिथपर्यंतच्या एकाही मूळ संख्येनं भाग गेला नाही, तर हीसुद्धा मूळ. पुढे बघायची गरज नाही. दोन आणि पाच उघडच बाद. बाकीच्या वाटून घेतल्या. शेवटी एक किंवा तीन असलेल्या माझ्या, सात किंवा नऊ असलेल्या तिच्या. मोजल्या तर दोघींच्या वाट्याला बरोबर ब्याण्णव आल्या.

धीर हा प्रकार माझ्यात नाहीच. पंधरा दिवसांत मी माझ्या ब्याण्णव संपवल्या. एकीनंही भाग गेला नाही. मग रोज तिच्या मागे भुणभुण, झालं का, झालं का. ती खिडकीबाहेर बघत म्हणायची, "होऊन राहिलं वो. तुले कायची घाई?" वही उघडायची, एक भागाकार मांडायची आणि मधेच मोहफुलं वेचताना आईनं काय सांगितलं ते सांगत बसायची. तेवढ्यात गोंदिया यायचं. मी तिला गोगलगाय म्हटलं, कामचोर म्हटलं. एकदा तर दोन दिवस डब्यातली भाजीसुद्धा दिली नाही.

वर्ष सरलं, तिचं लग्न झालं, ती छत्तीसगडात गेली. माझ्याकडे अर्धंच उत्तर राहिलं. मोबाईलवर ते क्षणात पुरं झालं असतं, पण तिच्याशिवाय ते संपवणं मला नको होतं. आता मी कुडव्याला राहते, शिकवण्या घेते. मूळ संख्यांचा धडा आला की ती हवी असं वाटतं, फार वाटतं. तशी मैत्रीण मला पुन्हा मिळाली नाही.

मागच्या आठवड्यात न राहवून फोन केला. कशी आहेस हेही न विचारता म्हटलं, "तुझ्या ब्याण्णव झाल्या का?"

ती खूप हसली. "एकशे सत्तावीसनं जाते वो. माह्या यादीत चौदावीच होती. दुसऱ्याच दिवशी सापडली."

"मग वर्षभर सांगितलं काऊन नाही?" मी भांडायच्याच सुरात विचारलं.

"सांगितलं असतं तं तू पुस्तक काढून बसली असती. मंग गाडीत माह्यासंगं कोण बोललं असतं?"

फोन ठेवून मी भागून पाहिलं. नऊ हजार सातशे एकवीस, बाकी शून्य. तिचा राग आला नाही, माझाच आला. माझ्या ब्याण्णव मी पंधरा दिवसांत उरकल्या होत्या.