बर्फाच्या कारखान्यातली भट्टी

जोगळेकर सरांची आणि माझी पहिली भेट १९९८ साली रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरच्या आमच्या बर्फाच्या कारखान्यात झाली. मी एम.एस्सी. होऊन नुकताच घरी परतलो होतो. सर बाबांसमोर बसले आणि शांतपणे म्हणाले, "शेठ, इथे मला बाराशे अंशांची भट्टी लावायची आहे." बाबांनी बर्फाच्या लाद्यांकडे पाहिलं, मग सरांकडे. "सर, तब्येत बरी हाय ना तुमची?"

तब्येत ठणठणीत होती. सर शिकवत त्या कॉलेजातली वीज कधीही जायची. आमचा जनरेटर मात्र मासळीच्या काळजीने सदैव सज्ज. बाबांनी एक कोपरा दिला आणि भट्टीच्या सोबतीला मलाही सरांच्या हवाली केलं.

सरांना त्यांचा विषय विचारण्याची हिंमत इथे जमलेल्यांपैकी ज्यांनी आजवर केली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिरॅमिकच्याच धाग्यांनी मजबूत केलेली सिरॅमिकची पट्टी प्रचंड उष्णतेत वजन लावून ठेवली, की ती मुंगीच्याही नजरेत भरणार नाही इतकी हळूहळू लांबत जाते आणि शेवटी तुटते. या लांबण्याला क्रीप म्हणतात. हवेपेक्षा वाफेत ती लवकर लांबते, असं सरांचं म्हणणं. ते सिद्ध झालं तर मला डॉक्टरेट, नाहीतर मी आपला लाद्या फोडायला मोकळा. बाकीच्या पट्ट्या आमच्या हातून केव्हाच मोडल्या होत्या. एकच उरली होती.

ती भट्टीत चढवली नेमकी गणपतीच्या आदल्या दिवशी. भट्टीला वाफ पुरवण्यासाठी सरांनी कुठूनसं एक ऐसपैस तांब्याचं भांडं आणलं, झाकणाला नळी जोडली आणि खाली शेगडी पेटवली. भांडं कुणाचं, हे मी विचारलं नाही.

ते चतुर्थीच्या सकाळी कळलं. रिक्षातून सरांच्या पत्नी, आमच्या काकू, उतरल्या, हातात कच्च्या मोदकांचं ताट.

"अहो, माझं मोदकपात्र! सोवळ्यातलं! आणि इथे, मासळीत?"

"अगं, प्रयोग थांबवता येत नाही."

"मग नैवेद्य थांबवू?" काकूंनी पदर खोचला. "बाप्पा शेवटी समुद्रातच जातात ना? तिथे काय अत्तर शिंपडलेलं असतं? सलीम, झाकण काढ!"

मी सरांकडे पाहिलं. सर छताकडे पाहत होते. मी झाकण काढलं. हळदीच्या पानांवर मोदकांचे तीन घाणे निघाले, आणि प्रत्येक वेळी झाकण उघडून काकूंनी निवांत मांडामांड केली. पट्टीच्या लांबण्याचा आलेख काढणाऱ्या यंत्राकडे बघायचं धाडस मला झालं नाही. मोदक मात्र अप्रतिम होते.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी आलेखावर बोट ठेवलं. "चढत्या रेषेत या तीन पायऱ्या कसल्या?"

वीज मंडळावर ढकललं असतं तर रत्नागिरीत कुणीही विश्वास ठेवला असता. पण मी तोंड उघडण्याआधीच सर उभे राहिले. "मोदकांचे तीन घाणे," ते म्हणाले, आणि सगळं जसंच्या तसं सांगून मोकळे झाले. मेलो, मी मनात म्हटलं. सरांचा तेव्हा इतका राग आला होता, की सांगून सोय नाही.

परीक्षकांनी आलेख जवळ ओढला. "म्हणजे झाकण काढलं, वाफ थांबली, भट्टीत नुसती हवा राहिली की लांबणं मंदावलं? झाकण लावलं की पुन्हा वेग आला? तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"अहो, मग एकाच पट्टीवर हवा आणि वाफ दोन्ही तपासून झाली की! याहून चांगला पुरावा कोणता हवा?"

सर खोटं बोलले असते, तर त्या तीन पायऱ्या विजेच्या खात्यावर जमा झाल्या असत्या आणि मी रिकाम्या हाताने घरी आलो असतो. आज मी विद्यार्थ्यांसमोर उभा राहतो तो सरांच्या त्या एका वाक्यामुळे. हे त्यांच्या तोंडावर सांगायला त्यांच्या साठीचा आजचा समारंभ उजाडावा लागला.

निवृत्तीनंतर भट्टी घरच्या अंगणात हलवण्याचा सरांचा विचार आहे. काकूंची परवानगी अजून मिळालेली नाही. सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांची रेषा अशीच सावकाश, न तुटता लांबत राहो. आणि ताण फार झालाच, तर झाकण काढायला काकू आहेतच.