काखबाई

"हात वर कर, माय." हे त्यांचं पहिलं वाक्य. रामराम नाही, नाव-गाव नाही. समोर पाटलीण असो की रोजानं जाणारी बाई, आधी काख, मग जांघ, मग जीभ आणि डोळे, आणि एवढं सगळं झाल्यावर मग "कुठली गं तू?" त्यामुळं आमच्या मंठ्याच्या बाजूला बायका त्यांना पाठीमागं काखबाई म्हणत. त्यांचं नाव रूथबाई होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मी त्यांना नुसतं बाई म्हणत असे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आम्ही मोगलाईतले. मंठ्याच्या पुढं काही कोसांवर वऱ्हाड लागायचं, म्हणजे इंग्रजी मुलूख. एरवी बैलगाडी या राज्यातून त्या राज्यात कधी शिरली ते बैलांनाही कळत नसे. इकडच्या लेकी तिकडं दिलेल्या, तिकडच्या सुना इकडं आणलेल्या. पण गाठीची साथ, म्हणजे प्लेग, आला की नाक्यावर शिपाई बसत आणि दाखल्याशिवाय कुणाला पलीकडं सोडत नसत. टोचून घेतलेलं असावं, रस्त्याकडेच्या छपरांत दहा दिवस काढलेले असावेत आणि शेवटच्या दिवशी अंगावर गाठ नसावी, एवढं त्या कागदावर लिहिलेलं लागे. कचेरीत त्याला सदाकतनामा म्हणत. पुरुषांना डॉक्टर तपासायचे, बायकांना काखबाई.

बाईंचा जन्म वाटूरकडचा, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. लहानपणी एका साथीतच आई-बाप गेले आणि जालन्याच्या ख्रिस्ती लोकांनी त्यांना वाढवलं, शिकवलं, नर्सबाई केलं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या हाताचं पाणी चालत नाही, तो हात अंगाला, तोही अशा ठिकाणी लावून घ्यायचा, याचंच बायकांना साथीपेक्षा जास्त वाटायचं. तपासणी झाली की त्या घाईघाईनं ओढ्यावर जात आणि पौषाच्या थंडीत अंगावर पाणी ओतून घेत. बाईंनी ते पाहिलं आणि छपरामागं चुलीवर हंडा चढवला. "हितंच धुवा," त्या म्हणत. "ओढ्याचं पाणी गार हाय, लेकरंवाल्या तुम्ही. माझा हात धुऊन टाकायला कढत पाणी ठिवलंय." हे म्हणताना त्यांच्या आवाजात कडूपणा मी कधी ऐकला नाही. त्यांना खरोखरच थंडीची काळजी असायची.

आपले हातही त्या शेगडीवर धरून गरम करीत आणि मगच बाईच्या अंगाला लावीत. गार हात लागला की बाई अंग चोरते आणि बारीक गाठ असेल तर हाताला लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. दाखला लिहून झाला की तो त्या बाईला वाचून दाखवीत. बहुतेकींना अक्षर येत नसे. "तुझ्याविषयी काय लिवलंय ते तुला ठावं पाहिजे," असं म्हणून त्या बोट ठेवून एकेक ओळ वाचत.

माझा त्यांच्याशी संबंध आला तेव्हा मी अठरा वर्षांची होते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, मुलगी तीन महिन्यांची झाली होती, आणि गावात उंदीर मरायला लागले. गाव उठून रानात गेलं. वऱ्हाडात साथ नव्हती. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, हिला आणि लेकराला सासरी पोचवू, आणि धाकटीलाही सोबत देऊ. धाकटी म्हणजे माझी बहीण गोदा, सोळा वर्षांची. तिचंही लग्न तिकडंच ठरलं होतं. माझे यजमान तिकडच्या शाळेत मास्तर होते. ते ठरल्या दिवशी नाक्यापलीकडं गाडी घेऊन थांबणार होते.

आम्ही तिघी छपरात राहिलो. टोचणीनं दोन दिवस अंग दुखलं, त्यापलीकडं काही झालं नाही. गोदा दिवसभर माझ्या मुलीला घेऊन उन्हात बसायची. पाचव्या दिवशी माय गावाकडून आली. तिला कुंपणाच्या आत येऊ दिलं नाही, म्हणून तिनं बाहेरूनच एक गोधडी आत टाकली. लेकराला थंडी वाजेल म्हणून गावातल्या बंद घरात जाऊन पेटीतून काढून आणली होती. पण गोधडी मोठी होती आणि लेकरू माझ्या कुशीत असायचं. ती पांघरली गोदानं.

दहाव्या दिवशी सकाळी आबा गाडी जुंपून आले. बाईंनी आधी मला पाहिलं, मग मुलीला पाहिलं, अगदी बोटांच्या बेचक्यांपर्यंत. मग गोदाला आडोशाला नेलं आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांनी दौत बंद करून ठेवली. उजव्या जांघेत गाठ होती, हरभऱ्याएवढी. ताप नव्हता. गोदा हसतच बाहेर आली. तिला वाटलं, झालं.

आबांनी सांगितलं की परवा तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. ते खरं होतं. मीच सुईनं काढला होता आणि सकाळी आबांच्या कानावर घातलं होतं.

"काट्याची असंल बी," बाई म्हणाल्या. "काट्याची असंल तर चार दिवसांत उतरंल. मंग मी सोता तिला गाडीत बसवून देते."

"आन् ही दुसरी? तिच्या अंगावर तर काई न्हाई ना?"

"एका छपरात निजल्यात त्या, पाटील. हिचे बी दहा दिवस आजपासून पुन्हा."

आबा आधी समजुतीनं बोलले, मग आवाज चढला. कचेरीत कोण कोण ओळखीचं आहे ते त्यांनी सांगितलं. तान्हं लेकरू साथीच्या तोंडी ठेवायला तुझ्या जिवाला काहीच कसं वाटत नाही, असंही म्हणाले. बाई उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाकडून लिवून आणा. माझ्या हातानं न्हाई व्हायचं. त्या गावात बी लेकरं हायेत."

मी त्या वेळी त्यांचा इतका राग केला, की तेवढा मी आयुष्यात कुणाचा केला नाही. नाक्यापलीकडं माझे यजमान दुपारपर्यंत थांबले आणि कुणीतरी निरोप दिल्यावर परत गेले.

बाईंनी आम्हाला वेगळं केलं. गोदाला लांबच्या लिंबाखालच्या झोपडीत ठेवलं, मला आणि मुलीला दुसऱ्या टोकाला. मधे तीसेक पावलांचं अंतर. ते ओलांडायचं नाही, अशी मला ताकीद होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गोदाला ताप भरला.

गोधडी बाईंनी जाळली. मी लांबून विचारलं, ती का जाळता? त्या राखेवर माती लोटत राहिल्या. मग जवळ आल्या, पण अंतर राखूनच, आणि म्हणाल्या, "तुला कळलं असंल. पण मायला कवाच सांगू नको." मी सांगितलं नाही. माय त्यानंतर तीस वर्षं जगली आणि माझ्या धाकटीला काट्यानं नेलं, असंच म्हणत राहिली.

तापाच्या पहिल्या दिवशी गोदा बाईंच्या हातचं पाणी पिईना. भांडं तोंडाशी आलं की मान फिरवायची. घरात तेच शिकली होती, त्यात तिचा काय दोष. बाईंनी जबरदस्ती केली नाही. भांडं तिच्या हाताशी ठेवलं आणि त्या बाहेर येऊन बसल्या, तिला पाहिजे तेव्हा घेऊ दे म्हणून. दुसऱ्या दिवसापासून तिचा हात उचलेना. तेव्हा तिनं स्वतःच हाक मारली. मग शेवटपर्यंत ती त्यांच्याच हातून प्यायली. मी लांबून पाहत असे. बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन चिंधी भिजवून ओठांवर पिळायच्या आणि काहीतरी बोलत असायच्या. काय ते मला ऐकू येत नसे.

चौथ्या दिवशी दुपारी गोदा गेली. आबा कुंपणाबाहेर उभे होते. भाऊबंदांतले दोघे आले होते, तेही तिथंच थांबले. आत यायला कुणी धजलं नाही, आणि आता मी त्यांना बोल लावत नाही. बाई झोपडीच्या दारात आल्या आणि तीस पावलांवरून मला म्हणाल्या, "तुमच्यात काय काय करतात ते सांग. मी तसंच करते."

मी कडेवर मुलीला घेऊन उभी राहिले आणि ओरडून एकेक गोष्ट सांगितली. आंघोळ कशी घालायची, हळद लावायची, केस मोकळे सोडून पुन्हा बांधायचे, कुंकू लावायचं, नवं लुगडं नेसवायचं. तिच्या लग्नासाठी घेतलेलं हिरवं लुगडं माझ्याच गाठोड्यात होतं. ते मी मधल्या जागेत नेऊन ठेवलं आणि मागं सरले, मग बाईंनी येऊन उचललं. प्रत्येक गोष्ट झाली की त्या दाराशी येऊन विचारत, "पुढं?" मी सांगत असे. शेवटी काही सांगायचं उरलं नाही, तरी त्या एकदा आल्या आणि "अजून काई?" म्हणाल्या. मी नुसती मान हलवली.

माझे दहा दिवस पुन्हा मोजले गेले. माझ्या आणि मुलीच्या अंगावर काही निघालं नाही. बाईंनी दाखला लिहिला आणि वाचून दाखवला: हिला ताप नाही, गाठ नाही, हिच्यापासून व हिच्या लेकरापासून कोणास भय नाही. मी ऐकून घेतलं. मग हंड्यातलं पाणी घेऊन आंघोळ केली. माझ्या बहिणीला ज्या हातांनी पाणी पाजलं, तेच हात मी धुऊन टाकले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण केलं ते केलं. गाडीत बसताना मी त्यांच्याकडं वळूनही पाहिलं नाही.

सासरच्या वाड्यात तेव्हा सात लेकरं होती. त्या साली आमच्या गावात गाठ आली नाही. सातही मोठी झाली. त्यांच्याकडं पाहता पाहता माझा राग कधी ओसरला, ते मला सांगता येणार नाही. एका दिवसात ओसरला नाही एवढं खरं.

पुढं यजमानांनी शाळा सोडली आणि जालन्याला कापसाच्या जिनमध्ये नोकरी धरली. तोवर त्यांनी मला लिहाय-वाचायला शिकवलं होतं. मोठी लढाई नुकतीच संपली होती. बाई म्हाताऱ्या होऊन जालन्यातच ख्रिस्ती वस्तीत एका खोलीत राहतात, असं कळल्यावर मी एका सकाळी गेले. मी नाव सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "गोदाची बहीण." वीस वर्षं झाली होती. त्या इतक्या वाळल्या होत्या की बाजेवर नुसतं पांघरूण पडल्यासारखं वाटलं. त्यांनी मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. बाहेर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसायला सांगितलं.

त्यांना एस्तेर नावाची एकच मुलगी होती. जावई आफ्रिकेत रेल्वेत होता, तिथं त्यांना मुलगा झाला होता. लढाईत बंद झालेल्या बोटी पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि जावयानं बाईंसाठी मुंबई ते मोंबासाची व्यवस्था केली होती. बोटीवर चढायला दाखले लागत. देवी काढल्याचा, टोचणीचा आणि छाती साफ असल्याचा, म्हणजे क्षय नसल्याचा. पहिले दोन झाले होते. तिसऱ्यासाठी त्या डॉक्टरकडं गेल्या. डॉक्टर तरुण होता, शिकत असताना एका साथीत त्यांच्या हाताखाली राबलेला. त्यानं छातीला नळी लावली, पाठीला लावली, आणि नळी गळ्यात टाकून तो लिहायला बसला.

बाईंनी त्याला विचारलं, काय ऐकलंस? तो म्हणाला, "काही नाही, बाई. तुम्ही निघा. नातवाला भेटा."

"तू ऐकलं नसशील. मी सहा महिने रोज ऐकून राह्यले," बाई म्हणाल्या आणि कागद त्याच्या हाताखालून काढून घेतला.

हे त्यांनी मला खोकत, थांबत सांगितलं. बोटीच्या तळात माणसं एकमेकांना चिकटून निजतात, दिवसचे दिवस, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. "आन् पलीकडं जाऊन पहिलं काम काय करणार होते मी," त्या म्हणाल्या, "तर त्या लेकराला उरापाशी धरणार."

मग त्यांनी मला कामाचं सांगितलं. एस्तेरला पत्र लिहायचं होतं, आणि त्यांचा हात कापत होता. मी उंबऱ्याबाहेर मांडीवर पाटी घेऊन त्यावर कागद धरला. त्यांनी मजकूर सांगितला: तब्येत बरी आहे. यंदा गर्दी फार, बोटीत जागा मिळाली नाही. पुढं बघू.

मी टाक थांबवला. खोटं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं, हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक होतं?

"लिही," त्या म्हणाल्या. "खरं कळलं तर पोरगी लेकराला घिऊन निघंल. सरळ हितं यील. ह्या खोलीत. जागा मिळाली न्हाई, येवढंच लिही."

मी लिहिलं.

त्यानंतर बाई दोन महिने जगल्या. आफ्रिकेचं उत्तर आलं ते त्या गेल्यावर, पंधरा-वीस दिवसांनी. वस्तीतल्या लोकांनी ते माझ्याकडं आणून दिलं, कारण पहिलं पत्र माझ्या अक्षरात गेलं होतं. एस्तेरनं लिहिलं होतं की आई, यंदा नाही तर नाही, पुढल्या बोटीत आधीच जागा धरून ठेवतो. मुलगा आता उभा राहतो. तुझे दाखले तेवढे तयार ठेव.

मी ते तीनदा वाचलं. मग दार लावून घेतलं, नवा कागद घेतला आणि तिला सगळं खरं लिहायला बसले.