भिंतीवरचे आजोबा आणि नवा एसी

माझी बायको याओ बी-ये तैवानातल्या ताइनान शहरात तेहेतीस वर्षं एसी बसवते आहे आणि मी तेहेतीस वर्षं तिची शिडी धरतो आहे. तोंड फटकळ, पण हात कसबी. गिऱ्हाइकं तोंड सहन करतात ती हातासाठी.

यंदा तिच्या डोक्यात नव्या एसीचं खूळ शिरलं. हा आधी हवेतला दमटपणा शोषून घेतो आणि मगच थोडंसं गार करतो. वीज जवळपास निम्मी. आमच्याकडची उन्हाळी हवा म्हणजे ओला टॉवेल, तेव्हा कल्पना झकासच. पण समोर आकडा दिसतो अठ्ठावीस, आणि लोकांना तर अंगावर बर्फाळ झोत हवा असतो. "एवढ्या किमतीत पंखा विकतेस होय गं?" असं चार घरांनी तिला तोंडावर ऐकवलं.

पाचवं घर अ-त्वान आजींचं. वय चौऱ्याऐंशी. गेल्या उन्हाळ्यात त्या उकाड्यानं बेशुद्ध पडल्या होत्या. पुन्हा असं झालं तर वाचणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जुन्या एसीच्या झोतानं गुडघे धरायचे, म्हणून त्या तो लावतच नसत. बी-येनं नवा बसवला. पहिल्याच दुपारी आजी गाढ झोपल्या, कपाळ कोरडं. बी-ये दोन दिवस स्वतःचीच पाठ थोपटत फिरत होती.

तीन आठवड्यांत एसी धापा टाकायला लागला. उघडला तर आतली ओल शोषणारी नाजूक जाळी काळीकुट्ट. एसीच्या बरोबर खाली देव्हारा, त्यावर आजोबांचा फोटो, आणि सकाळ-संध्याकाळ तीन-तीन उदबत्त्या. कंपनीच्या माहितीपुस्तकात धूळ होती, फोडणीचा धूर होता, मेलेला नवरा नव्हता.

घर चिंचोळं. एसी बसवण्याजोगी मागची एकच भिंत. म्हणजे हलायचं होतं आजोबांनी, आणि त्यांना न विचारता देव्हाऱ्याला हात लावणार कोण? आजींनी कौल लावला. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे पडले. नकार. पुन्हा टाकले, पुन्हा नकार.

"जन्मभर खुर्चीतून उठले नाहीत, आता काय उठणारेत!" आजी म्हणाल्या. "राहू दे, बी-ये. काढून ने तो. मी तरी कशाला उरलेय? जाईन यांच्याकडं."

बी-येचे डोळे भरून आले, आणि डोळे भरले की ती भडकते. तिनं ते तुकडे उचलले आणि फोटोवरच खेकसली, "काय हो आजोबा, पाठवू का मग आजींना यंदा तिकडं? बोला!"

तुकडे खडखडत पडले. दोन्ही पालथे.

"नको ना? मग सरका की पुढच्या दाराशी!"

तिनं पुन्हा टाकले. एक उताणा, एक पालथा.

मी शिडी सोडून टाळ्या वाजवल्या. आजी मात्र फोटोकडे बघत राहिल्या.

"नको म्हणतात मला," त्या म्हणाल्या. "साठ वर्षं रांधून घातलं, आणि नको?"

मग त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"बसव गं तो एसी. चांगला वीस वर्षं टिकेल असा बसव. बसू देत यांना वाट बघत."