महेशला चाल सुचते कुठून?

ज्या बँडमध्ये वाजवणं कमी आणि चहा जास्त, तिथे किस्से साठायला वेळ लागत नाही. आम्ही तिघंच. मोरिवलीचा महेश गाणी लिहितो आणि गातो, एरवी एमआयडीसीत शिफ्ट करतो. केतकी कीबोर्ड आणि रेकॉर्डिंग सांभाळते. कात्रपमधली तिची बेडरूम हाच आमचा स्टुडिओ. मी ढोलकीवर. आणि मला एकच खाज, या माणसाला चाल सुचते कुठून?

*

एकदा विचारलंच. तो म्हणाला, "रविवारी घरी ये."

कंपनीच्या भिंतीमागे त्यांचं एक खाचर अजून शिल्लक आहे. भातलावणी चालू होती. बायका गात गात, रोपं लावत मागे सरकत होत्या.

"ताल हवा ना? उतर!"

उतरलो. चार रोपं लावली आणि चिखलात सपशेल आडवा!

"बग," महेशची आत्या म्हणाली, "गानं सोरलंस, म्हून परलास!"

*

जुना स्पीकर घ्यायला उल्हासनगरला गेलो. दुकानदार शेठ म्हणाले, "गाके चेक कर लो."

महेशने पाखरं हाकलायच्या आरोळीवर बांधलेलं गाणं म्हटलं खड्या आवाजात. शेठनी शांतपणे ऐकलं.

"इसमें लडकी किधर है?"

"लडकी नाही शेठ, पाखरं आहेत."

"देखो भाई, स्पीकर की गॅरंटी देता हूँ. गाने की नहीं!"

*

कात्रपच्या एका सोसायटीत कोजागिरीचा कार्यक्रम. पहिलं गाणं संपताच पुढच्या रांगेतले एक काका उठले. "हे पारंपरिक का?"

"नाही काका, परवाच केलंय."

"मग जुनं काहीतरी म्हणा!"

महेशने तेच गाणं पुन्हा म्हटलं, जरा संथ. काका डोळे मिटून डोलले. "याला म्हणतात अस्सल!"

*

आता आत्याचा किस्सा. ती धवलारीण, म्हणजे धवले ही विधीची गाणी गाऊन लग्न लावणारी. हल्ली हळदीला डीजे असतो, तिला कुणी बोलवत नाही. महेशच्या सगळ्या चालींचं मूळ तिच्या गळ्यात. तिचा धवला रेकॉर्ड झाला नाही तर तो तिच्याबरोबरच जाणार, या विचाराने त्याला झोप लागत नव्हती. महिनाभर विनवण्या केल्यावर ती केतकीकडे आली.

केतकीने हेडफोन घातले, माइक लावला. आत्याने विचारलं, "लगीन कोनाचा हाय?"

"लग्न नाही गं आत्या, नुसतं रेकॉर्डिंग."

"लगीन नाय, त धवला कनचा? नवरा-नवरीचा नाव घेतल्याबिगर तो पुरा होत नाय."

"घाल की कुणाचंही!"

"देवाम्होरं खोटा बोलू?" तिने पिशवी उचलली.

महेशचा चेहरा पार उतरला. मला त्याची फार दया आली. ती दारापर्यंत पोचली तेव्हा तो कसाबसा म्हणाला, "नवऱ्याच्या जागी माझं नाव घाल."

"आनि नवरी?"

महेश जमिनीकडे बघत होता, मी ढोलकीकडे.

केतकीने कानावरचे हेडफोन काढले. "केतकी," ती म्हणाली.

आत्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा महेशकडे. मग पिशवी खाली ठेवली, मांडी घालून बसली आणि पदर सारखा केला.

"बापाचा नाव सांग."